गिमलेट चाखायचं कोणी

आमच्या घरात दोन वर्षं सात महिने दारूचा थेंब आला नव्हता, आणि शेवटी ती आणली कोणी, तर मी. तीही रविवारी सकाळी, कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवून, विश्रांतवाडीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून. शेजारच्या बाईंनी कोथिंबीर कशी दिली म्हणून विचारलं, तर मला भाव आठवेना. मी शाळेत गणित शिकवायचे. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझा नवरा पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि लग्नानंतरची अकरा वर्षं तो प्यायला. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. निदान मारलं असतं तर माहेरी जायला कारण तरी मिळालं असतं, असं मी तेव्हा म्हणायचे, आणि खरंच म्हणायचे. हे नुसते संध्याकाळी घरी येऊन नाहीसे व्हायचे. समोर बसलेले असायचे, पण नसायचे. बाटल्या मी कुठे कुठे शोधल्या ते सांगायला बसले तर दिवस मावळेल. फ्लशच्या टाकीत, माळ्यावर पसाऱ्यामागे, एकदा तर गणपतीच्या मखराच्या खोक्यात. माझं नाक इतकं तयार झालं होतं की जिन्यात पाय वाजले की मला आधीच कळायचं, आज किती.

पिणं सुटल्यावरही ते नाक काही सुटलं नाही. हे दारात आले की मी पुढे होऊन यांच्या हातातली पिशवी घ्यायचे. लोकांना वाटायचं, काय प्रेमळ बाई. पिशवी कसली घेतेय, मी श्वास घ्यायचे. यांना ते माहीत होतं. हे पिशवी द्यायचे, क्षणभर तसेच उभे राहायचे आणि मग चपला काढायचे. दोन वर्षं सात महिने हे असं रोज चाललं होतं आणि त्यावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांचा जन्म गेला नारायण पेठेत, त्यामुळे विश्रांतवाडीला त्या पुण्यात धरत नसत. ‘मुलाकडे परगावी असते’ म्हणायच्या. कांदा-लसूण वर्ज्य, सोवळं कडक, आणि तोंडात शब्द मोजके. मुलाच्या पिण्याला त्यांनी अकरा वर्षं एकच नाव दिलं होतं, पित्त. बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं की, ‘त्याला पित्ताचा त्रास आहे.’ हे न्हाणीघरात पडले, ती पित्ताची चक्कर. हे माझ्या भावाच्या लग्नात मांडवात झोपले, ते पित्तामुळे रात्रभर झोप नव्हती म्हणून. सकाळी त्या यांना मोरावळा द्यायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या की जणू पित्त माझ्या स्वयंपाकानेच होत होतं. त्या बाईचा मला किती राग यायचा, ते आज सांगायला हरकत नाही. दारूपेक्षा जास्त यायचा.

शेवटी हे सहा आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहिले. तिथून आल्यावर दर शनिवारी मीटिंगला जायचे. तिथे प्रत्येकाने उभं राहून ‘मी दारुडा आहे’ असं म्हणायचं असतं, एवढं मला माहीत होतं. घरी मात्र तो शब्द कोणी काढला नाही. यांनी नाही, मी नाही, सासूबाईंनी तर नाहीच.

ते सहा आठवडे नोकरी टिकली ती यांच्या साहेबांमुळे. मूळचे बेळगावचे, एकटे, कॅम्पात राहणारे, राजेशाही माणूस. त्यांनी कागदावर कावीळ दाखवली, स्वतः सही केली आणि वर कोणाला कळू दिलं नाही. नाहीतर यांना घरी बसवायला लोक टपलेलेच होते. ते साहेब आता निवृत्त होऊन कायमचे बंगलोरला बहिणीकडे निघाले. जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी यांना बोलावून सांगितलं, “रविवारी दुपारी तुझ्याकडे जेवायला येतो. आणि जेवणाआधी तुझ्या हातचं गिमलेट. जिन मी घेऊन येतो, तू फक्त कर.”

गिमलेट म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. जिन आणि लिंबाचा गोड अर्क. लिंबाचं सरबत बिघडवायचा साहेबी प्रकार, दुसरं काय. पण यांचं गिमलेट साहेबांच्या कंपूत प्रसिद्ध होतं. बाजारचा अर्क न वापरता हे लिंबाच्या साली साखरेत चुरून तो घरी करायचे. साहेबांच्या बंगल्यावर पार्टी असली की हे त्यांच्या स्वयंपाकघरात असायचे आणि घरी माझ्या स्वयंपाकघरात चहासुद्धा करायचे नाहीत.

“नाही म्हणायचं होतं,” मी म्हटलं.

“त्यांना नाही म्हणायला जीभच उचलत नाही.”

“अहो, पण त्यांना माहीत आहे ना सगळं?”

“त्यांना वाटतं, मी बरा झालो. ताप उतरतो तसा. बऱ्या माणसाला काय होतंय.” मग म्हणाले, “मी करीन नीट. हात नाही वळणार तिकडे.”

“तुमचा हात कुठे वळतो ते मी अकरा वर्षं बघितलंय.”

मला बोलल्याचं वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. त्या रात्री मला एकच दिसत होतं. साहेबांनी आणलेली भरलेली बाटली आमच्या ओट्यावर, यांच्या हातात चमचा, आणि करणाऱ्याने आधी जिभेवर थेंब घेऊन बघायचा असतो, ही यांची जुनी सवय. एक थेंब. केंद्रातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, यांच्या बाबतीत एक आणि शंभर यांत फरक नाही.

सकाळी मी फर्मान काढलं. साहेबांना फोन करून सांगायचं, बाटली आणू नका, आमच्याकडे तयार आहे. गिमलेट मी करणार. तुम्ही कागदावर लिहून द्यायचं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

“तुला चव कशी कळणार?” यांनी विचारलं.

“नैवेद्याची कळते का?”

आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. वासही घ्यायचा नाही. महालक्ष्म्यांना पंचवीस पानांचा स्वयंपाक मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून एकटीने करत आले, पुरण, कटाची आमटी, सोळा भाज्या, आणि जिभेवर कणही न ठेवता. मीठ हाताला कळतं, तिखट डोळ्याला कळतं. सासूबाईंनी मला आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलंय, ते याबद्दल. ‘हिचा हात बसलाय,’ असं त्या नणंदेला म्हणाल्या होत्या, मी ऐकत नाही असं समजून. तेव्हा देवाला चालतं ते साहेबाला चालायला हरकत नाही, असा माझा हिशेब.

यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे कृती लिहून दिली. मशीनचं ड्रॉइंग काढावं तसे आकडे, बाण, टिपा. ‘साल फक्त हिरवी. पांढरं आलं तर कडू होईल.’ ‘हलवताना भांडं बाहेरून धुरकट झालं पाहिजे.’ किती प्रेमाने लिहिलं होतं ते वाचतानाच कळत होतं.

बाटलीने आमच्या घरात रात्र काढायची नाही, हे मी ठरवलेलं. म्हणून रविवारी सकाळीच निघाले. मंडईत कागदी लिंबं आणि कोथिंबीर घेतली आणि मग कॅम्पात गेले. पेठेत घेण्याचा प्रश्नच नव्हता. माझी शाळा पेठेतच, अर्ध्या पेठेची मुलं माझ्याकडून बेरीज शिकलेली. कॅम्पातही दुकान उघडायची वाट बघत मी समोरच्या बुटांच्या दुकानापुढे उभी राहून एकेक बूट निरखत होते. दहाला शटर वर गेलं. मी आत शिरले आणि जिनची सगळ्यात लहान बाटली मागितली.

“क्वार्टर?” दुकानदाराने विचारलं.

“सगळ्यात लहान असेल ती. औषधाला हवी आहे.”

“औषधाला ब्रँडी लागते, बाई. जिन नाही.”

“आमच्याकडे जिनच लागते,” मी म्हटलं. वर्गात वापरायचे तो आवाज आपोआप लागला. त्याने निमूटपणे कागदात गुंडाळून दिली.

घरी आले तेव्हा अकरा वाजले होते. साहेब साडेबाराला येणार होते. हे बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. नेहमीसारखं यांच्या हातून काही घेण्याऐवजी आज माझ्याच हातात पिशवी होती. मी यांच्यासमोरून ती छातीशी धरून गेले. यांनी पेपरातून मान वर केली नाही, पण पानही उलटलं नाही.

स्वयंपाकघरात सासूबाई जमिनीवर पाटावर बसून विळीवर काकडी चोचवत होत्या. मसालेभात झाला होता, श्रीखंड आदल्या दिवशीचं तयार होतं. मी बाटली तांदळाच्या डब्यामागे ठेवली. त्यांनी बघितलं. मी म्हटलं, “साहेबांसाठी सरबत करतेय.” त्यांनी “हं” केलं आणि काकडीला लागल्या.

मी कागद ओट्यावर टेकवला आणि कामाला लागले. जायफळाच्या लहान किसणीवर लिंबांच्या साली किसल्या, फक्त हिरव्या. त्या साखरेत बोटांनी चुरल्या. साखर हिरवट, ओलसर झाली आणि सगळ्या घरात लिंबाचा वास पसरला. छान वास होता, खोटं का बोला. बाहेरून पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मी हात थांबवून ऐकत राहिले. पुढे काही झालं नाही.

तासभर साखर मुरली. मग लिंबं पिळून रस घातला, साखर विरघळेपर्यंत ढवळलं, पंचाच्या तुकड्यातून गाळलं. मधेच दूधवाला आला, त्याच्याशी बोलले, अळूच्या भाजीत दाण्याचं कूट घातलं, शेजारणीने बर्फाचा ट्रे आणून दिला तो घेतला. शेकर वगैरे आमच्याकडे कुठला असायला. प्रवासात न्यायचा स्टीलचा फिरकीचा तांब्या होता, तो घेतला. त्यात अर्क ओतला. मग बाटली उघडली.

तो वास. अकरा वर्षं उशीला होता तो. बाटलीत थेंबही उरायला नको, या एका विचाराने मी कागदावरचे आकडे बघितलेच नाहीत आणि सगळी बाटली तांब्यात उपडी केली. रिकामी बाटली नळाखाली तीन वेळा विसळली आणि कचऱ्यात खाली दाबून टाकली. बर्फ घातला, फिरकी लावली आणि हलवायला लागले. भांडं धुरकट झालं. तेव्हा मला जरा बरं वाटलं. झालं, म्हटलं, सुटलो.

आणि हात पुसायला वळले तर ओट्यावर मिठाची बरणी उघडी.

“आई, मीठ तुम्ही उघडलंत? कोशिंबिरीला?”

“कोशिंबिरीला आधी कोण मीठ घालतं? पाणी सुटतं. वाढताना घालायचं.”

म्हणजे मी उघडलं होतं. पण कशाला? अळूत मीठ मी सकाळीच घातलं होतं. मी डोळे मिटून आठवायला लागले. साखर, साल, रस, दूधवाला, कूट. आमच्या घरात काय, आमच्या गावातच लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ घातल्याशिवाय सरबत होत नाही. हाताला सांगावं लागत नाही. माझ्या बसलेल्या हाताने ते घातलं होतं की नुसती बरणी उघडून दूधवाल्याकडे गेला होता, हे मला काही केल्या आठवेना. नैवेद्याला अशी शंका आली तर तसंच वाढायचं असतं. देव तक्रार करत नाही.

साहेबांनी केली असती. यांना मी एवढंच विचारलं, दारातूनच, “मीठ पडलं असलं तर कळेल का हो साहेबांना?”

हे उठून उंबऱ्याशी आले. चेहरा उतरला होता. “कळेल. लगेच कळेल. आणि ते काय म्हणतील माहितीये? ‘चल, आपण दोघं करू नीट.’ त्यांच्या गाडीत बाटली असतेच. मी फोनवर सांगितलं म्हणून आणणार नाहीत असं नाही.”

म्हणजे ज्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच. टाकून दुसरं करावं तर जिन संपलेली. घड्याळात बारा वाजून गेले होते.

मी फिरकी काढली, चमचा बुडवला आणि तोंडापाशी नेला. मी स्वतःला सांगत होते, औषध आहे, औषध आहे. वास नाकात गेला आणि पोटातून उमळून आलं. मी मोरीवर वाकले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतका राग आला मला स्वतःचा. कसली बाई मी, एक चमचा गिळता येत नाही.

“दे इकडे,” हे म्हणाले. “एक थेंब फक्त. जिभेला लावतो आणि थुंकतो. मीठ आहे की नाही सांगतो. उगाच जीव काढू नकोस.”

आवाज अगदी शहाणा होता. तोच घात होता. यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला होता आणि हात पुढे होता. मी चमचा धरून उभी होते आणि मला तो मागे घेता येईना आणि देताही येईना. खरं सांगायचं तर मी देणार होते. माझ्यात काही उरलंच नव्हतं. अकरा वर्षं आणि वर दोन वर्षं सात महिने, कोणी किती वेळ उभं राहायचं.

विळी आडवी केल्याचा आवाज झाला. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदराला हात पुसले. माझ्या हातातून चमचा घेतला, असा, सहज, पोरांच्या हातातून पळी घ्यावी तसा.

“तू हो बाहेर,” त्या मुलाला म्हणाल्या. “तुला चालायचं नाही ते. तू दारू सोडलीयेस.”

दारू. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. यांनीही. यांचा हात तसाच हवेत राहिला.

मग त्या बाईने, जिने हॉटेलातलं पाणी कधी प्यायलं नव्हतं, चमचाभर जिन तोंडात घेतली. डोळे मिटले. जिभेवर घोळवली, नीट, घाई न करता. गिळली.

“मीठ आहे. किंचितच आहे. अर्धं लिंबू पिळ.”

मी पिळलं. त्यांनी पुन्हा चमचा बुडवला आणि पुन्हा घेतली. “आता जाणवत नाही,” म्हणाल्या. चमचा मोरीत ठेवला. “तो तांब्या आता प्रवासाला नको,” म्हणाल्या आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज यायला लागला. सकाळची अंघोळ झालेली होती, त्या डोक्यावरून दुसरी करत होत्या.

आम्ही दोघं तिथेच उभे. हे काही तरी बोलणार होते, तेवढ्यात बेल वाजली.

साहेब मोठ्या आनंदात होते. मला वहिनी वहिनी करत त्यांनी पेढे दिले, खिडकीशी बसले. यांचा चेहरा त्यांनी बघितला की नाही कोण जाणे. मी सरबताच्या काचेच्या जगमध्ये गिमलेट ओतून एकच ग्लास घेऊन बाहेर गेले. एकच ग्लास, हे मी विचार करून ठेवलं होतं. पण आख्खी बाटली रिकामी केल्याने जग चांगला भरला होता, तो विचार मी केला नव्हता.

साहेबांनी एक घोट घेतला. जरा थांबले. “वेगळं लागतंय.”

“हिने केलंय,” हे म्हणाले.

“असं होय. चांगलं आहे. पण वहिनी, एवढं मला एकट्याला? मला काय आडवा पाडता काय?” ते हसले. यांच्यासमोर पाण्याचा ग्लास रिकामा होता. साहेबांनी जग उचलला आणि त्यात निम्म्यापर्यंत गिमलेट ओतून यांच्यापुढे सरकवला. “चल. एक माझ्याबरोबर. पुन्हा कधी बसणार आपण? तू आता चांगला बरा झालास. एकाने काय होतंय?”

मी स्वयंपाकघराच्या दारात. कावीळ लिहिणारा तो हात ग्लासावर होता. यांना त्या हाताला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत होतं. हे ग्लासाकडे बघत होते. मी त्या नजरेला ओळखत होते. अकरा वर्षं समोर बसून नसलेल्या माणसाची ती नजर होती.

मागून न्हाणीघराची कडी वाजली. सासूबाई ओले केस पंचात बांधून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या पाहुण्यांपुढे कधी अशा येत नसत. यांनी मान वळवून आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग यांनी ग्लास उचलला. यांनी तो उचलला आणि साहेबांच्या बाजूला नेऊन ठेवला.

“साहेब, हे नीट झालंय की नाही ते बघायला आज माझ्या आईने चाखलं. मला चाखता येत नाही म्हणून. बहात्तर वर्षांची आहे ती. मी बरा झालेलो नाही. मी दारुडा आहे. मला एकही चालत नाही. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मी विसरणार नाही, पण हे मला देऊ नका.”

साहेबांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. त्यांनी दोन्ही ग्लास उचलले, जग उचलला आणि स्वतः उठून माझ्या हातात दिले. “माझं चुकलं,” म्हणाले. “वहिनी, पानं घ्या. मसालेभाताचा वास कधीचा येतोय.”

मी सगळं मोरीत ओतलं आणि नळ किती तरी वेळ सोडून ठेवला. साहेब चांगले जेवले. श्रीखंड दोनदा घेतलं. जाताना सासूबाईंना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या “सुखी असा” एवढंच म्हणाल्या.

दुपारी तीनच्या सुमाराला हे दिवाणावर भिंतीला टेकून बसले होते. सासूबाई जेवल्या नव्हत्या. मी विचारलं, तर आजचा दिवस नाही म्हणाल्या. त्या आल्या आणि यांच्या पायाशी बसल्या. मी पलीकडे धुतलेली भांडी पुसत होते.

“एक विचारू का रे?” त्यांनी म्हटलं.

“विचार.”

“त्याच्यात काय होतं?”

यांना कळलं नाही. मलाही नाही.

“मी दोनदा घेऊन बघितली. मिठासाठी एकदाच पुरे होतं. दुसऱ्यांदा मुद्दाम घेतली. नीट घोळवून बघितली. मला इतकी वर्षं वाटायचं, काही तरी असेल त्याच्यात. आमच्याजवळ नाही असं काही तरी. त्याशिवाय का हा आम्हाला टाकून रोज तिकडे जातो.” त्या यांच्या पायावरून हात फिरवत राहिल्या. “काही नव्हतं रे. कडू, जळजळीत पाणी. काहीच नव्हतं.”

“नव्हतंच, आई,” हे म्हणाले.

आणि मग हे रडले, त्या रडल्या, मी भांडं हातात धरून रडले, आणि त्या दिवशी चहाची वेळ टळून गेली.